कमावत्या विद्यार्थ्याची वेळ



जून उजाडला की आपल्या वर्तमानपत्रांत शिक्षणाची चर्चा सुरू होते. अकरावीची पहिली यादी किती टक्क्यांवर बंद झाली, इंजिनिअरिंगच्या किती जागा रिकाम्या राहिल्या, फी कितीने वाढली, याने रकाने भरतात. ही सगळी चर्चा एक ठरावीक विद्यार्थी समोर ठेवून चालते. तो सोळा ते एकवीस वर्षांचा असतो, दिवसभर मोकळा असतो, आणि त्याच्या जेवणाची, गाडीभाड्याची सोय घरातलं कुणीतरी करत असतं. पण मुंबई शहरात दुसराही एक विद्यार्थी आहे. तो आधी कमावतो आणि उरलेल्या वेळात शिकतो. काळबादेवीच्या पेढीवर पार्सलं पोचवणारा पोऱ्या, परळच्या रुग्णालयात कंत्राटावर असलेला वॉर्डबॉय, लोअर परळच्या मॉलमध्ये दिवसभर उभा असलेला सेल्समन, गिरगावातली चार घरं आटोपून पस्तिसाव्या वर्षी दहावीला बसणारी बाई, ही सगळी या वर्गातली माणसं. त्यांच्यासाठी गिरगावपासून परळपर्यंतच्या पट्ट्यात शंभराहून अधिक वर्षं रात्रशाळा आणि सकाळ-संध्याकाळची महाविद्यालयं चालत आली आहेत. राज्यातल्या बहुसंख्य रात्रशाळा आजही मुंबईतच आहेत. आता त्यांचा पट घसरतो आहे, आणि पट घसरला म्हणजे गरज संपली असा अर्थ सरकारी फायलींत काढला जातो. तो अर्थ चुकीचा आहे, हे मला आज मांडायचं आहे. कमावत्या विद्यार्थ्याला शिक्षणासाठी मोजावी लागणारी सर्वांत मोठी रक्कम फीची नसते, वेळेची असते. आणि त्याची संख्या मोजायची तर तो राहतो ती वस्ती धरून चालत नाही. तो राबतो ती वस्ती धरावी लागते. हे दोन हिशेब बरोबर मांडले, तर या शाळा-महाविद्यालयांबद्दलचे आपले निर्णय पुष्कळ बदलतील.

या विचाराला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, ती दिवसा त्यांना सवड नव्हती म्हणून. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी खर्चाचा प्रश्न उघडपणे मांडला. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे मुंबईत कामगारांच्या शिक्षणाची वाढ कशी झाली हे पाहायचं असेल, तर फॅक्टरी कायद्यांचा इतिहास शेजारी ठेवून वाचावा लागतो. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १८९० मध्ये. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. त्याच वर्षी ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, आणि गिरणगावात रात्रीचे वर्ग व वाचनालयं सुरू केली. याच जोशींनी १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत भारतीय कामगारांचं प्रतिनिधित्व केलं. त्या परिषदेने जगासाठी आठवड्याला ४८ तासांचं काम ठरवलं आणि हिंदुस्थानसाठी ६० तासांचं. ते ६० तास १९२२ च्या कायद्यात आले, १९३४ मध्ये ५४ झाले आणि १९४६ च्या दुरुस्तीने व १९४८ च्या कायद्याने ४८ झाले. कामाचे तास कमी करण्यासाठी भांडणारा आणि रात्रीचे वर्ग चालवणारा माणूस एकच होता, याचं आपण पुरेसं स्मरण ठेवलेलं नाही. डिलाइल रोडला आपण त्याचं नाव दिलं. पण कामगार चळवळ आणि शिक्षण हे त्याच्या लेखी एकच काम होतं, हा धडा मात्र त्या रस्त्यावरून जाताना कुणाला आठवत नाही. बारा तास राबून आलेल्या माणसासमोर फुकट शाळा उघडली तरी तो तिथे झोपणार. साठाचे अठ्ठेचाळीस झाले तेव्हा आठवड्याचे बारा तास मोकळे झाले, आणि त्या तासांवर रात्रशाळा उभ्या राहिल्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं. त्याचे वर्ग सकाळच्या वेळात ठेवले गेले, म्हणजे विद्यार्थ्याला पुढे दिवसभर नोकरी करता यावी. कॉलेज म्हणजे दहा ते पाच, हे तेव्हाही सर्वमान्य होतं. पण आपला विद्यार्थी कोण, याचा विचार आधी झाला आणि वेळापत्रक त्यावरून बेतलं गेलं. आज आपण 'प्रवेशाची संधी' असा शब्द सर्रास वापरतो आणि त्याचा अर्थ जागांची संख्या, आरक्षण आणि फी-सवलत एवढाच घेतो. या तिन्ही गोष्टी हव्यातच. त्यासाठी झालेले लढे अजून संपलेले नाहीत. पण वर्ग सकाळी अकराला भरत असेल आणि विद्यार्थ्याचं काम नऊला सुरू होत असेल, तर त्या जागेवर हक्क असूनही तो बसू शकत नाही. मुंबई विद्यापीठाच्या ७५ टक्के हजेरीच्या नियमात तर तो पहिल्याच सत्रात अडकतो. आमच्या प्रवेश अर्जांत विद्यार्थ्याची जात, धर्म, वडिलांचं उत्पन्न, राहण्याचा पत्ता, सगळं विचारलेलं असतं. तू कुठे काम करतोस, किती वाजता सुटतोस, हे विचारणारा रकाना सहसा नसतो. २०२१-२२ च्या उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत देशभरचे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी नोंदले गेले. त्यांतले मुलगे किती, मुली किती, कोणत्या प्रवर्गातले किती, हे आपल्याला कळतं. त्यांपैकी दिवसाचे आठ तास कामावर असणारे किती, हे मात्र त्या आकडेवारीतून कळत नाही. ज्याची मोजणीच होत नाही त्याच्यासाठी धोरण कसं आखणार?

आता पटाकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या बंद होत गेल्या, जमिनी विकल्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले, आणि कामगारांची पुढची पिढी डोंबिवली, कल्याण, विरार, नालासोपाऱ्याकडे सरकली. जनगणनेत हे स्पष्ट दिसतं. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या भागाची, लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. महामुंबईचा परीघ वाढत असताना तिच्या पोटातली वस्ती अडीच लाखांनी घटली. यावरून शिक्षण खात्याने काढलेला निष्कर्ष सरळ आहे: मुलं राहिली नाहीत, वर्ग ओस पडले, शाळा एकत्र करा. दिवसाच्या प्राथमिक शाळेबाबत या निष्कर्षात काही तथ्य असेलही, कारण सहा वर्षांचं मूल घराजवळच्याच शाळेत जातं. पण रात्रशाळेचा विद्यार्थी घराजवळच्या शाळेत जात नाही. कामाच्या जागेवरून चालत पोचता येईल अशा शाळेत तो जातो. लोअर परळहून सहा वाजता सुटणारा मुलगा नालासोपाऱ्याच्या शाळेत साडेसहाला कसा हजर राहील? त्याच्यासाठी लोअर परळ, करी रोड किंवा दादरलाच वर्ग हवा, तो करून मग त्याने शेवटच्या गाड्यांपैकी एखादी पकडावी. परळ-लालबागमध्ये झोपणाऱ्यांची संख्या घटली, पण तिथे दिवसभर राबणाऱ्यांची घटलेली नाही. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या प्रत्येक कार्यालयाच्या इमारतीत सुरक्षारक्षक, सफाई कामगार, पँट्रीतली मुलं, लिफ्टमन आणि ड्रायव्हर लागतात. केईएम, टाटा आणि वाडिया या रुग्णालयांना रोज लागणारं मनुष्यबळ कमी झालेलं नाही. दादरच्या फुलबाजारात पहाटे ट्रक उतरवणारी माणसं आजही आहेत. शाळेचा पट मात्र आपण आसपासच्या घरांवरून अजमावतो, आणि तिथेच हिशेब चुकतो.

दुसरा बदल घड्याळाचा आहे, आणि तो मला वस्तीच्या बदलाहून गंभीर वाटतो. गिरणीची पहिली पाळी सकाळी सातला सुरू होऊन दुपारी साडेतीनला सुटत असे. सरकारी आणि व्यापारी कचेऱ्या साडेपाच-सहाला बंद होत. रात्रशाळेची साडेसहा ते साडेनऊ ही वेळ त्या घड्याळाला लावलेली होती. आज या भागातला तरुण ज्या कामांवर जातो त्यांत संध्याकाळ हीच गर्दीची वेळ असते. मॉलमध्ये सहा ते नऊ विक्रीचा जोर असतो, हॉटेलात आठनंतर, आणि घरपोच डिलिव्हरी करणाऱ्यांना सर्वाधिक ऑर्डर रात्रीच्या जेवणाच्या सुमारास मिळतात. साप्ताहिक सुट्टी रविवारी मिळेलच असंही नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं दिवसरात्र उघडी ठेवायला वाट करून दिली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतला कामाचा दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत आणि दुकाना-आस्थापनांतला नऊवरून दहा तासांपर्यंत वाढवायला मान्यता दिली. उद्योगांच्या सोयीसाठी हा निर्णय झाला. वाढीव तासांसाठी कामगाराची संमती आणि जादा मोबदला या अटीही त्यात आहेत. पण आजची चर्चा ज्याच्याबद्दल आहे त्या विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिलं तर १९११ पासून जो काटा एका दिशेने सरकत होता तो उलटा फिरू लागला आहे, असंच मला म्हणावं लागेल. रात्रशाळेत मुलं का येत नाहीत, याचं निम्मं उत्तर इथे आहे. शिकण्याची इच्छा मेलेली नाही. संध्याकाळ त्यांच्या हातून गेलेली आहे. फुलबाजारातला मजूर दुपारी बारानंतर मोकळा असतो, मॉलमधला मुलगा सकाळी दहापर्यंत, रुग्णालयातला वॉर्डबॉय त्याच्या पाळीप्रमाणे कधी सकाळी तर कधी रात्री. या सगळ्यांसाठी आपण एकच साडेसहाची घंटा ठेवली आहे.

खर्चाचा हिशेब मी थोडा सविस्तर मांडतो, कारण सवलतींच्या जाहिराती वाचून आपली समजूत झाली आहे की गरिबाच्या शिक्षणाचा प्रश्न मुख्यतः फीचा आहे. अनुदानित महाविद्यालयात कला शाखेची वर्षाची फी काही हजारांच्या घरात असते, आणि पात्र विद्यार्थ्याला तिचा बराच भाग शिष्यवृत्तीतून परत मिळतो. आता समजा, एका मुलाला तासाला साठ रुपये पडतात. वर्गासाठी त्याने रोजचे दोन तास जादा काम सोडलं, तर दिवसाला १२० रुपये गेले. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर तीन हजार, आणि दहा महिन्यांच्या शैक्षणिक वर्षात तीस हजार. जादा तासाला दुप्पट दराने पैसे देण्याचा कायदा त्याच्या मालकाने पाळला असता तर हा आकडा साठ हजारांवर जातो. त्यात बाहेरचं जेवण, पुस्तकं आणि परीक्षेच्या दिवसांत कापला जाणारा पगार वेगळा. म्हणजे फी पूर्ण माफ झाली तरी खर्चाचा मोठा हिस्सा तसाच उरतो. सरकारला हे माहीत नाही असं नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत मुंबईसारख्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरवले होते: ३२ हजार जेवणाचे, २० हजार राहण्याचे, ८ हजार निर्वाहाचे. मुंबईत शिकायचं तर फीशिवाय एवढा खर्च येतो, ही शासनाचीच कबुली आहे. पण ती योजना बाहेरगावाहून आलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत आई-वडिलांसह राहून नोकरी करणारा मुलगा तिच्यात बसत नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झालं, हे चांगलंच झालं. लग्नानंतर सुटलेली दहावी पुन्हा धरणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र त्यातलं काही येत नाही. लोकलच्या विद्यार्थी पासाची सवलतही सर्वसाधारणपणे पंचविशीला थांबते, अनुसूचित जाती-जमातींसाठी सत्ताविशीला. तिशीतही माणूस विद्यार्थी असू शकतो, हे रेल्वेच्या नियमात बसत नाही.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांची तुलना इथे उपयोगी पडेल. १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला सुरू झालेलं कॉलेज त्यांतलं सर्वांत जुनं सार्वजनिक कॉलेज मानलं जातं. आज अशा कॉलेजांतला विद्यार्थी सरासरीने सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असतो आणि तिघांपैकी दोघं अर्धवेळ शिकतात. तिथली वर्षाची फी सरासरी चार हजार डॉलरच्या आसपास, पण राहणं, जेवण, प्रवास, पुस्तकं धरून विद्यार्थ्याचा एकूण खर्च वीस हजारांच्या घरात जातो. फी खर्चाच्या पाचव्या हिश्शाइतकी, हे तिथे दरवर्षी प्रसिद्ध होतं, म्हणून त्यावर वाद तरी होऊ शकतो. आपण तिथून घ्यावी अशी दुसरी गोष्ट म्हणजे फीचं माप. कॅलिफोर्नियात रहिवाशाला एका युनिटमागे ४६ डॉलर पडतात. ज्याला या सत्रात दोनच विषय झेपतात तो दोन विषयांचे पैसे भरतो, दोनच शिकतो, आणि त्याला नापास कुणी म्हणत नाही. त्या कॉलेजांच्या अडचणीही मोठ्या आहेत. अर्धवट सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण तिथेही चिंतेचं आहे. आपल्याकडे २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, पण नाव आलं आणि वेळापत्रक जुनंच राहिलं.

नव्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, साठवण्याची पद्धत आणली, तेव्हा हा प्रश्न सुटेल असं अनेकांना वाटलं. तिचं गणित मांडून पाहू. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट लागतात, म्हणजे एका सत्राला २२. एका क्रेडिटला वर्गातले पंधरा तास धरले तर सत्राचे ३३० तास झाले. शिकवण्याचे आठवडे पंधरा. दर आठवड्याला बावीस तास वर्गात बसावं लागेल. आठवड्याचे सहा दिवस रोज तीन तास वर्ग केला, एकही दिवस बुडवला नाही, तरी संध्याकाळच्या विद्यार्थ्याचे अठराच तास होतात, सत्राला २७०. साठ तास कमी पडतात, आणि प्रात्यक्षिकाच्या क्रेडिटला तास दुप्पट लागत असल्यामुळे विज्ञान शाखा तर त्याच्या आवाक्याबाहेरच जाते. हीच पदवी त्याला आठ सत्रांत, म्हणजे चार वर्षांत सावकाश करू दिली, तर १९८० तासांचा अभ्यास त्याच अठरा तासांच्या आठवड्यात बसतो आणि थोडी सवडही उरते. धोरणात मिळवलेले क्रेडिट साठवून सात वर्षांत पदवी पुरी करण्याची मुभा आहे. अडतं ते अंमलबजावणीत. प्रवेश वर्षाच्या हिशेबाने, फी वर्षाच्या हिशेबाने, शिष्यवृत्तीचं नूतनीकरण वर्षाच्या हिशेबाने, आणि जो सत्रात अकराच क्रेडिट घेईल त्याला नियमित विद्यार्थी म्हणायचं की नाही याबद्दल कारकुनापासून प्राचार्यांपर्यंत सगळे संभ्रमात. सात वर्षांची मुभा आजारपणाने किंवा अडचणीने मागे पडलेल्यासाठी ठेवलेली सवलत म्हणून वाचली जाते. कमावत्या विद्यार्थ्यासाठी ती पहिल्या दिवसापासूनची सरळ वाट असायला हवी.

या मांडणीवर घेतले जाणारे आक्षेप मी हलके मानत नाही. पहिला आक्षेप पैशांचा. वीस-पंचवीसच्या पटासाठी शिक्षक, शिपाई, वीज यांचा खर्च केला तर दरडोई खर्च दिवसाच्या शाळेहून जास्त येतो, मग करदात्याने तो का सोसावा? यावर माझं उत्तर असं, की शाळेवरच्या खर्चात सर्वांत महाग गोष्ट म्हणजे मध्य मुंबईतली जागा, आणि ती आधीच बांधलेली आहे. रात्रीचे वर्ग महापालिकेच्या किंवा दिवसाच्या शाळांच्या इमारतींत भरतात. त्या इमारती एरवी संध्याकाळी बंदच असतात. उरतो तो शिक्षकांचा खर्च. तो खरा आहे, आणि पट वाढल्याशिवाय त्याचं समर्थन होणार नाही, हेही मला मान्य आहे. पण पट वाढवायचा तर फक्त जूनमध्ये प्रवेश देऊन पुरत नाही. कामगार नोकरी धरतो-सोडतो, गणपतीत आणि शिमग्याला कोकणात गावी जातो, भाताच्या लावणीला घरी लागतो. तो ऑगस्टमध्ये उगवला तर त्याला पुढच्या जूनमध्ये ये म्हणतात, आणि पुढच्या जूनमध्ये तो नसतो.

दुसरा आक्षेप असा, की आता रात्रशाळेची गरजच काय? सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देता येते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण त्याही आधी १९७१ मध्ये सुरू झालं, आणि आता धडे मोबाइलवर मिळतात. मुक्त विद्यापीठाने महाराष्ट्रात केलेलं काम मोठं आहे. पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या वाटेने शाळा सुटलेल्या हजारो माणसांना त्याने पदवीपर्यंत नेलं. पण मुक्त शिक्षणासाठी विद्यार्थ्याकडे दोन गोष्टी आधीपासून असाव्या लागतात: स्वतः वाचून समजण्याची सवय, आणि बसायला शांत जागा. आठवीत शाळा सुटलेल्या मुलाकडे पहिली नसते आणि चाळीच्या खोलीत दुसरी नसते. लालबाग-परळमध्ये गणेशोत्सव मंडळांनी चालवलेल्या अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत भरलेल्या असतात, त्या जागेच्या याच गरजेमुळे. गणितात अडलेल्याला तिथे टेबल मिळतं, शिकवणारा मिळत नाही. मोबाइलचं शिक्षण वर्गाला जोड म्हणून उत्तम. वर्गाच्या बदल्यात ते दिलं तर सर्वांत कमी तयारीच्या विद्यार्थ्यावर आपण सर्वांत अवघड पद्धत लादतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. रात्रशाळा ठेवणं म्हणजे मुलांच्या मजुरीला मान्यता देणं, असं काही कार्यकर्ते म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याने चौदापर्यंतच्या प्रत्येक मुलाचं शिक्षण ही शासनाची जबाबदारी ठरवली, बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने चौदाच्या आतल्या मजुरीवर बंदी आली, तर धोकादायक कामांतून अठरापर्यंतच्या मुलांना वगळण्यात आलं. मग कॅन्टीनमध्ये कपबशा विसळून रात्री आठवीच्या वर्गात बसणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाचं आपण काय करायचं? इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. सोळाच्या आतला मुलगा दिवसाच्या शाळेतच असला पाहिजे, आणि त्याचं कुटुंब त्याच्या पगारावर चालत असेल तर तेवढी रक्कम घराला द्यायची तयारी सरकारने ठेवली पाहिजे. याने रात्रशाळांचा पट आणखी घटेल, हे मला दिसतं, आणि तरीही हेच योग्य आहे. कारण रात्रशाळेचं पुढचं रूप मुलांच्या शाळेचं नाहीच. ते प्रौढांच्या महाविद्यालयाचं आहे. अठरा ते पंचेचाळीस वयाची, दहावी-बारावी राहिलेली, पदवी अर्धवट सुटलेली, किंवा परिचारिकेचं, विजेचं, हिशेबाचं काम करत असताना त्याचं रीतसर प्रमाणपत्र हवं असलेली माणसं, हा त्याचा पट. त्यात बायका मोठ्या संख्येने येतील, कारण दुपारी दोन ते पाच या वेळेत भरणारा वर्ग घरकाम करणाऱ्या बाईला जसा जमतो तसा रात्रीचा कधीच जमला नाही.

राहिला दर्जाचा आक्षेप. रात्रीची पदवी म्हणजे दुय्यम पदवी, असा समज नोकरी देणाऱ्यांत आहे. परीक्षा एकच, पेपर एकच, तरी हा समज का टिकतो? थोडा दोष खरोखरच व्यवस्थेत आहे. महापालिकेच्या प्राथमिक शाळेच्या वर्गात रात्री अठ्ठावीस वर्षांचा माणूस दहा वर्षांच्या मुलाच्या मापाच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसतो. त्याच मजल्यावर प्रयोगशाळा असते, पण तिची किल्ली दिवसाच्या शाळेकडे. वाचनालय पाचलाच बंद. त्यामुळे विज्ञानातले प्रयोग तो फळ्यावरच्या आकृतीतून पाठ करतो. २००८ पासून मुंबईच्या रात्रशाळांत काम करणाऱ्या 'मासूम' या संस्थेने संध्याकाळचा खाऊ आणि फिरती प्रयोगशाळा वर्गापर्यंत नेली, तेव्हा या उणिवा किती साध्या आहेत आणि किती वर्षं तशाच पडल्या होत्या, हे दिसून आलं. शिक्षकांचा प्रश्न याहून बिकट. दिवसभर एका शाळेत शिकवून रात्री दुसरीकडे शिकवणाऱ्या दुबार शिक्षकांवर रात्रशाळा वर्षानुवर्षं चालल्या. १७ मे २०१७ च्या शासन निर्णयाने अशा हजारावर शिक्षकांची रात्रीची नेमणूक संपवली आणि त्या जागी अतिरिक्त ठरलेले शिक्षक आणायचं ठरवलं. थकलेला शिक्षक थकलेल्या विद्यार्थ्याला देऊ नये, हे तत्त्व बरोबरच होतं. पण जून महिना तोंडावर असताना, कामगार विद्यार्थ्याला शिकवण्याची वेगळी हातोटी असलेली माणसं एका आदेशाने बाजूला करणं, हे त्या तत्त्वाचं पालन नव्हतं. प्रौढाला शिकवणं ही स्वतंत्र विद्या आहे. तिचं प्रशिक्षण आमच्या बीएडमध्ये नावापुरतं आहे आणि रात्रीच्या नेमणुकीला त्याची अट कुठेच नाही.

शेवटी, हे करायचं कुणी आणि कशातून? नवी इमारत, नवं विद्यापीठ, नवं मंडळ यांतलं काहीही लागणार नाही. १९५३ च्या कायद्याने उभा राहिलेला कामगार कल्याण निधी आपल्याकडे आहे. त्यात दर जून-डिसेंबरला कामगार आणि मालक दोघांच्या वर्गण्या जमा होतात, आणि त्यातून गिरणगावात कल्याण केंद्रं चालतात. महापालिकेकडे रिकाम्या खोल्या आहेत. विद्यापीठाकडे क्रेडिटचे नियम आहेत आणि सात वर्षांची मुदत आहे. पहिल्या वर्षी करी रोड, दादर आणि गिरगाव अशा तीन ठिकाणी सकाळी साडेसहाचा, दुपारी दोनचा आणि संध्याकाळी सातचा, असे तीन वर्ग चालवून पाहावेत. फी विषयामागे घ्यावी, प्रवेश दर तिमाहीला उघडावा, एका पाळीतून दुसरीत जाण्याची मोकळीक ठेवावी, आणि अर्जात कामाची जागा व सुटण्याची वेळ लिहून घ्यावी. दोन वर्षांनी पट मोजावा. तो तेव्हाही पंचवीसच भरला, तर या शाळा बंद करण्याच्या प्रस्तावाला विरोध करायला माझ्याकडे मुद्दा उरणार नाही. पण ही मोजणी व्हायच्या आधी एकाही रात्रशाळेच्या दाराला कुलूप लागू नये, एवढी मागणी शिक्षण खात्याकडे आणि महापालिकेकडे आपण सर्वांनी मिळून लेखी करावी, अशी माझी विनंती आहे.